हरलेल्याचा अग्रलेख

आमच्या ब्लॉकच्या तळाशी टपालपेट्यांची एक मोठी भिंत आहे. आमच्या पेटीत टाउन कौन्सिलची पत्रकं आणि पिझ्झाची कुपनं याखेरीज फारसं काही येत नाही. महिन्यातून एकदा मात्र एक तपकिरी पाकीट येतं आणि त्या दिवशी मी ते लिफ्टमध्येच फोडते. आत एक स्पॅनिश मासिक असतं, निव्वळ राजकीय मतांचं. रंगीत चित्रं नाहीत, सिनेमा नाही, राशिभविष्य नाही. पहिल्या दोन पानांवर बिननावाचा अग्रलेख आणि पुढे सगळी भांडणं.

"तुला गं काय करायचंय तिकडच्या राजकारणाशी?" हे मला सगळ्यांनी विचारून झालंय. उत्तर साधं आहे. पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला स्पॅनिश शिकत होते तेव्हा आमच्या बाई याच मासिकाचे अग्रलेख भाषांतराला द्यायच्या. लग्नानंतर सिंगापूरला आले, पाया लेबारच्या एका ऑफिसात स्पॅनिश ग्राहकांचे करार तपासायची नोकरी धरली, आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की करार वाचून वाचून माझी स्पॅनिश अळणी होत चाललीय. म्हणून या मासिकाची वर्गणी भरली. दुसरं कारण जरा घरगुती आहे. मला माणसांनी नीट भांडलेलं आवडतं, आणि ते वळण बाबांचं.

बाबा बँकेत होते, पण ते पोटापुरते. त्यांचा खरा जीव एका छोट्या वैचारिक पाक्षिकात होता. त्याच्या संपादक मंडळात सगळे एकापेक्षा एक हट्टी. वाद झाला, मतदान झालं, की हरलेला माणूस तिथल्या तिथे राजीनामा द्यायचा आणि सहा महिन्यांत स्वतःचं पाक्षिक काढायचा. शेवटी आमच्या त्या दोन-तीन गल्ल्यांत संपादक जास्त आणि वर्गणीदार कमी अशी अवस्था आली आणि एकेक करत सगळीच बंद पडली. मंडळी मात्र आमच्याकडे येतच राहिली, राजीनामे दिलेलीसुद्धा. संध्याकाळ झाली की बेल वाजायची. आधी फोन करून यायची पद्धत नव्हती. चपला काढता काढताच कुणीतरी म्हणायचं, "काल तुम्ही जे म्हणालात ते साफ चूक आहे," आणि आई आतून चहाचं आधण वाढवायची.

आई गेली आणि त्यानंतर काही महिन्यांत बाबा बाथरूममध्ये घसरून पडले. मनगटावर निभावलं. पण मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका कराराच्या मधोमध होते, आणि तो तसाच टाकून मी पुण्याचं विमान धरलं. प्लास्टर निघाल्याबरोबर मी त्यांना घेऊन आले. विचारलं वगैरे नाही. लाँग टर्म व्हिजिट पास काढला, बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमधली छोटी खोली रिकामी केली आणि त्यांचा चष्मा, शब्दकोश आणि तीन सदरे तिथे नेऊन ठेवले.

त्यांनी कुरकुर केली नाही. उलट फार लवकर रुळले. खालच्या कॉफी शॉपमध्ये 'तेह सी', म्हणजे इथला दुधाचा चहा, मागवायला शिकले, लायब्ररीचं कार्ड काढलं, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या चिनी आजींना मान लववून 'मॉर्निंग' म्हणू लागले. आमची लेक तेव्हा सेकंडरी शाळेत होती. तिला ते रोज दहा मराठी शब्द द्यायचे आणि ती त्यांना दहा सिंगलिश, इथल्या बोली इंग्रजीतले. एकदाच त्यांनी घरात स्वतःहून बदल केला. बाहेरच्या खोलीतली वेताची खुर्ची खिडकीपाशी होती, ती उचलून दाराकडे तोंड करून ठेवली. बाहेरचं लाकडी दार उघडं, लोखंडी गेट लावलेलं, आणि समोर खुर्चीत बाबा. "वारा इकडून येतो," म्हणाले. मला काही तो वारा कधी लागला नाही, पण म्हातारपणी माणसाला कुठला वारा लागेल ते त्याचं त्याला माहीत, असं म्हणून मी सोडून दिलं.

मासिकाची आणि त्यांची गाठ पडली ती पहिल्याच महिन्यात. "काय वाचतेस?" "अग्रलेख." "कशावर?" मी सांगितलं, तिथे बंदरातल्या मजुरांचा संप चाललाय. "मग वाच की मोठ्याने. मराठीत." झालं. दर शनिवारी सकाळी आम्ही कॉफी शॉपच्या कडेच्या टेबलाशी बसू लागलो. मी समोर स्पॅनिश धरून तोंडाने मराठी बोलायची आणि बाबा डोळे मिटून ऐकायचे. अग्रलेख दोन पानांचा, पण एका बैठकीत कधी संपला नाही, कारण बाबा मध्येच हात वर करायचे. "थांब. परत वाच ते वाक्य." मग त्या वाक्याची चिरफाड. बाजूच्या टेबलावरचे काका वर्तमानपत्रातून डोकं वर काढून आमच्याकडे बघायचे. आम्ही भांडतोय असं त्यांना वाटत असणार, आणि ते खरंच होतं.

त्या मासिकाचा कल तसा डावीकडचा. पण कुठल्याच पक्षाला ते खूश करत नाही आणि प्रत्येक प्रश्नावर ठाम बाजू घेतं. बाबांना हा ठामपणा आवडला, पण तीन-चार अंक ऐकल्यावर ते अस्वस्थ झाले. "कुठेतरी पाणी मुरतंय," म्हणाले. "हा माणूस लिहितोय ते त्याला पटलेलं नाही."

मी हसले. "बाबा, मासिकाचं धोरणच आहे तसं. गेली कित्येक वर्षं हेच लिहितात ते."

"धोरण असेल. लिहिणाऱ्याचं मन नाहीये त्यात."

मग एक अंक आला त्यात शहरातल्या एका जुन्या पुतळ्यावर अग्रलेख होता. पुतळा चौकातून हलवावा, असं मासिकाचं म्हणणं. मुद्दे बिनतोड होते. मी वाचत गेले आणि एका ठिकाणी बाबांनी टेबलावर हात आपटला. तिथे लेखकाने दोन ओळी खर्चून लिहिलं होतं की त्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर दुपारी कबुतरं बसतात आणि शाळा सुटलेली मुलं त्यांना पावाचे तुकडे टाकतात.

"सापडला!" बाबा म्हणाले. "ज्याला पुतळा हलवायचाय, तो कबुतरं कशाला बघत बसेल? ह्या माणसाला पुतळा तिथेच हवाय. मतदानात हरलाय तो. आणि हरलेल्या माणसाच्या हातून एक वाक्य जास्तीचं जातंच."

"हरला असता तर राजीनामा नसता दिला?"

"तेच तर मला कळत नाहीये," बाबा म्हणाले, आणि त्यांचा चहा निवून गेला तरी ते त्या दोन ओळींवरच होते.

त्या वर्षी मासिकाचा वर्धापनदिनाचा अंक आला. त्यात संपादकांनी घरातलं गुपित सांगावं तशी त्यांची कामाची पद्धत सांगितली होती. दर महिन्याला मंडळ एका प्रश्नावर वाद घालतं आणि मग मत देतं. तटस्थ राहायची सोय नाही. बहुमत ज्या बाजूला जाईल ती मासिकाची भूमिका. आणि त्या भूमिकेचा अग्रलेख लिहायचा तो हरलेल्या बाजूच्या माणसाने. लिहून झाल्यावर जिंकलेल्यांनी वाचून म्हणायचं, होय, आमचं म्हणणं हेच, तेव्हा तो छापायला जातो. जिंकलेला माणूस आळशी होतो, असं संपादकांनी लिहिलं होतं. दुसऱ्याची बाजू मांडायची वेळ आली की माणूस शब्द जपून वापरतो.

मी हे कॉफी शॉपमध्ये वाचून दाखवलं तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पहिल्यांदा विजय. मुलाखत द्यायला बसल्यासारखे ताठ झाले. मग हळूहळू तो विजय उतरला. "आमच्यापैकी एकालाही हे सुचू नये?" म्हणाले. "हरलो की चालते झालो. सगळे. मीसुद्धा एकदा." मला त्यांचा तो राजीनामा माहीत होता. पंधरा दिवसांत परत गेले होते, कारण नव्या पाक्षिकाला नाव सुचेना.

त्या दिवसापासून आमच्या घरात लोकशाही आली. बाबांनी जाहीर करून टाकलं की यापुढे घरातला कुठलाही वाद मतदानाने मिटेल आणि हरणारा जिंकलेल्यांच्या बाजूने लिहील. नवरा आंग मो किओला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत मॅनेजर, दिवसभर मीटिंगा करून आलेला. तो म्हणाला, "बाबा, घरी आल्यावर परत एजीएम?" पण लेकीने उचलून धरलं, आणि पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडली. जेवताना टीव्ही बंद, हा ठराव तिच्याविरुद्ध गेला. तिने इंग्रजीत लिहिलं, चार ओळी. अर्थ असा की जेवताना टीव्ही बंद असावा, कारण आईला त्या वेळी खूप काही सांगायचं असतं आणि नाहीतर ऐकणार कोण. बाबांनी तो अग्रलेख डोक्यावर घेतला. नंतर गाडी घ्यायची नाही यावर नवरा हरला. त्याने ठिपके देऊन मुद्दे लिहून आणले. बाबांनी परत केले. "जावईबापू, हा अग्रलेख आहे. तुमच्या ऑफिसची स्लाइड नव्हे." बिचाऱ्याने रविवार घालवून पूर्ण वाक्यं लिहिली, आणि खरं सांगते, एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जाण्यातलं सुख इतकं छान मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. मी हरले की माझ्या लेखातली विशेषणं बाबा लाल पेनाने काढून टाकायचे. मी फार वेळा हरायचे.

किती हसलो त्या महिन्यांत. आता त्या छोट्या खोलीत इस्त्रीचं टेबल आहे आणि मी तिथे गेले की मला ते हसणंच आठवतं.

मग बाबांच्या पासची मुदत संपत आली. वाढवायचा तर अर्ज करायला हवा होता. मी अर्ज उघडला आणि बाबा खुर्चीतून म्हणाले, "अगं, हे आपण ठरवलं नाहीये."

"काय ठरवायचंय त्यात?"

"मी जावं की राहावं. माझं मत, जावं."

मला रागच आला. पुण्याला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही, आई नाही, आणि परत पडले तर मी इथून काय करणार? हे सगळं मी मोठ्या आवाजात बोलले. बाबा शांत. "मतदान घे," म्हणाले. घेतलं. लेक ओरडलीच, "ऑफ कोर्स स्टे लाह, आजोबा!" नवऱ्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं, क्षणभर त्यांच्याकडे, आणि म्हणाला, "बाबा, मलाही तुम्ही हवे आहात." तो हे कधी म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. तिघांविरुद्ध एक. बाबा हरले, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी त्या रात्री श्रीखंड काढलं.

नियम नियम होता. शनिवारपर्यंत बाबांनी अग्रलेख लिहायचा होता, आपण सिंगापुरातच का राहावं यावर.

आठवडाभर ते लिहीत होते. छापखान्याच्या जुन्या सवयीने कागदाच्या एकाच बाजूला, मोठा समास सोडून. मला दाखवलं नाही. शनिवारी आम्ही चौघंही खाली कॉफी शॉपमध्ये बसलो आणि बाबांनी कागद माझ्या हातात दिले. "तूच वाच. मला तुझ्या आवाजात ऐकायची सवय झालीय."

मी इतकी वर्षं अग्रलेख वाचतेय, पण इतका सरळ, इतका प्रामाणिक लेख क्वचितच वाचला असेल. सुरुवात अशी होती: "या घराचं मत असं आहे की वृद्धाने इथेच राहावं, आणि ते मत केवळ प्रेमापोटी नाही, शहाणपणाचंही आहे." मग एकेक मुद्दा. इथे लिफ्ट दारापर्यंत येते. दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुलीला ऑफिसात फोन वाजला की दचकावं लागत नाही. नात आता मराठीत रागावू लागली आहे, म्हणजे भाषा तिच्यात उतरली आहे, आणि हे काम अर्धवट टाकून जाणं बरं नव्हे. जावयांबद्दल एक वाक्य होतं, ते ऐकून नवरा उगीचच चमचा शोधायला लागला. लेकीने मध्येच टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवलंही नाही. मी जिंकले होते. पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

"इथे संध्याकाळी दारावरची बेल वाजत नाही," बाबांनी लिहिलं होतं, "त्यामुळे वाचनात व्यत्यय येत नाही."

मी ते वाक्य वाचून पुढे गेले. पुढची वाक्यंही वाचली, पण ती कशावर होती हे मला आज सांगता येणार नाही. वाचून झाल्यावर नवरा म्हणाला, "मानलं, बाबा. आमचं म्हणणं हेच." लेक म्हणाली, "सेम, सेम." माझी पाळी होती. बाबा डोळे मिटूनच बसले होते. मी म्हटलं, मी नंतर सांगते.

नवरा आणि लेक भाजी आणायला गेले. आम्ही दोघं लिफ्टने वर आलो. दार उघडलं, गेट लावलं, आणि बाबा जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले. दाराकडे तोंड करून. समोर लांबलचक कॉरिडॉर, दोन कुंड्या, वाळत घातलेला पंचा. वाईट काहीच नव्हतं. शेजारी फार सभ्य आहेत. पार्सलवालासुद्धा दाराशी डबा ठेवून निघून जातो. आमची मराठी मंडळीही येतात, पण तीन आठवडे आधी व्हॉट्सअॅपवर वेळ ठरवून. संध्याकाळी मी पाया लेबारहून यायचे तेव्हा बाबा रोज याच खुर्चीत असायचे, आणि मला वाटायचं वारा खात बसलेत.

"बाबा," मी म्हटलं, "कबुतरं."

"कुठे?"

"तिसऱ्या पानावर. बेलचं वाक्य."

त्यांनी कागद घेतले, चष्मा लावला आणि ते वाक्य शोधलं. परत परत वाचलं. मी विचारलं, "मुद्दाम लिहिलंत?"

"नाही गं," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "खरंच नाही. मला वाटलं, मी फायदा लिहितोय."

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच, प्लास्टरमधून निघालेला. म्हणाले, "माझं मत धरू नकोस. मी हरलोय." मी म्हटलं, माझा होकार अजून बाकी आहे आणि मी तो देणार नाही. अग्रलेख छापायला गेला नाही. पासचा अर्ज मी भरलाच नाही.

पुण्याला त्यांच्याबरोबर मीच गेले. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतले, एक मावशी ठरवल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात दोन ठिकाणी बसायला स्टुलं ठेवली. पहिल्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात बाबांचे एक राजीनामा दिलेले मित्र. जिना चढून धाप लागलेली, एका हातात काठी. चप्पल काढता काढता म्हणाले, "आलास होय? बरं झालं. तू जायच्या आधी जे म्हणाला होतास ते साफ चूक होतं." बाबांनी मला चहा टाकायला सांगितलं आणि मी आधण वाढवून ठेवलं.

शनिवारचं वाचन आता रविवारी व्हिडिओ कॉलवर होतं. इथल्या संध्याकाळी, म्हणजे तिथे दुपारचा चहा झालेला असतो तेव्हा. मी खाली जात नाही. त्यांच्याच खुर्चीत बसते, समोर अंक धरते आणि मराठीत बोलू लागते. परवा पाणीपट्टीवरचा अग्रलेख होता. बाबांनी दोनदा थांबवलं, एकदा माझी चूक काढली, आणि ऐन रंगात आलेलं असताना पलीकडे बेल वाजली.

"थांब गं, कुणीतरी आलंय," म्हणाले आणि फोन टेबलावर उताणा टाकून गेले.

हे आता नेहमीचं झालंय. मला पडद्यावर फक्त छताचा पंखा दिसतो. मी फोन ठेवत नाही. कडी काढल्याचा आवाज येतो, काठी टेकल्याचा, मग दोन म्हाताऱ्यांचे चढलेले आवाज, मावशींना चहा सांगणं, आणि मध्येच बाबांचं ते मोठ्याने हसणं. अग्रलेखाचं दुसरं पान माझ्या मांडीवर तसंच असतं. लेक तिच्या खोलीत, नवरा त्याच्या लॅपटॉपवर. दार उघडं असतं आणि कॉरिडॉरमध्ये कुणीच नसतं. आमच्याकडे त्या वेळी अगदी शांत असतं, त्यामुळे मला तिकडचं सगळं स्पष्ट ऐकू येतं.